ल्यूक बूर्दाँ : छत्तीस सामने, दोन गोल

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या मेळाव्यात एखाद्या खेळाडूवर बोलावे, असे चिटणीसांनी आम्हाला सुचविले. हॉकीवर बोलतो, असे आम्ही कळविले, तेव्हा सर्वांची समजूत झाली की आम्ही मेजर ध्यानचंदांवर बोलणार. तसे वाटणे साहजिकच होते. परंतु ध्यानचंदांविषयी तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे, क्रीडादिनाला दरवर्षी त्यांच्यावर भाषणे होतात. आज ज्याची गोष्ट सांगणार आहोत त्याचे नाव येथे बसलेल्यांपैकी कोणीही ऐकले नसेल. तो जगज्जेता खेळाडू नव्हता. सर्वांत मोठ्या स्पर्धेत तो उणेपुरे छत्तीस सामने खेळला आणि त्यात त्याने दोन गोल केले. एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याचे नाव ल्यूक बूर्दाँ. गाव कॅनडातले.

आमचा आणि त्याचा संबंध कसा आला, असे कोणी विचारील. आम्ही बँकेत कारकुनी करतो, पण पदवी घेतली ती कला शाखेची, इतिहास विषय घेऊन. जुनी खोड जात नाही. कॅनडातील अकेडियन नावाच्या लोकांविषयी वाचता वाचता त्यांच्यातल्या या मुलाची हकीकत हाती लागली आणि मग ती काही मनातून जाईना.

आधी खेळाविषयी दोन शब्द. कॅनडात नुसते हॉकी म्हटले की बर्फावरची हॉकी समजायची. पायात पाते लावलेले बूट, हातात लांब काठी, आणि चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. मैदान म्हणजे दोनशे फूट लांबीचा बर्फाचा आखाडा, भोवती कठडा. एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. धावण्याचा वेग इतका की पाऊण मिनिटात माणसाला धाप लागते, म्हणून खेळ चालू असतानाच खेळाडू कठड्यावरून उडी मारून आत-बाहेर होत राहतात. ल्यूक बचावपटू होता. बचावपटूला घडायला वेळ लागतो, हे त्या खेळातले जाणकार नेहमी सांगतात. ते लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता त्याचे गाव. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू ब्रन्सविक नावाचा प्रांत आहे. त्याच्या ईशान्य टोकाला समुद्रात घुसलेल्या जमिनीवर शिपागन हे गाव. वस्ती तेव्हा तीन हजारांच्या आत. मासे आणि खेकडे पकडायचे, कारखान्यात ते साफ करून डब्यात भरायचे, यावर गावाचे पोट. हे लोक फ्रेंच बोलणारे अकेडियन. यांचे पूर्वज आजच्या नोव्हा स्कॉशियाच्या भागात शेती करून राहत होते. १७५५ साली इंग्रज राज्यकर्त्यांनी त्यांना राजनिष्ठेच्या शपथेवरून घराबाहेर काढले, जहाजांत भरून देशोधडीला लावले, मागे घरे जाळली. पुढे काही जण परत आले, तेव्हा सुपीक जमिनी दुसऱ्यांच्या झाल्या होत्या. म्हणून मग ते या खडकाळ, वाऱ्याच्या किनाऱ्यावर वसले आणि शेतकऱ्यांचे कोळी झाले. त्यांचा स्वतःचा झेंडा आहे, फ्रान्सच्या तिरंगी झेंड्यावर एक पिवळा तारा. आणि गंमत अशी की त्यांचा राष्ट्रीय दिवस आहे १५ ऑगस्ट. आपल्या स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी, १८८१ मध्ये त्यांनी तो ठरविला. ज्यांना आपल्याच भूमीतून हाकलले गेले त्यांनी आपला झेंडा आणि आपला दिवस स्वतः ठरवावा, याचे मोल येथे बसलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा गावात १६ फेब्रुवारी १९८७ रोजी ल्यूक जन्मला. त्याला आईने एकटीने वाढविले. बर्फावरची हॉकी हा तसा गरिबांचा खेळ नव्हे. बूट, शिरस्त्राण, अंगावरची गादीची कवचे, काठ्या, आणि पोर वाढले की दरवर्षी हे सगळे नवे. शिवाय आखाड्याचे भाडे आणि शेजारच्या गावांतले सामने. एकट्या बाईच्या कमाईत हे कसे बसवायचे, ते ज्याने घर चालविले आहे त्यालाच कळेल.

त्यात नवव्या वर्षी मुलाला सांधेदुखी लागली. आपल्याकडे संधिवात म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार, अशी समजूत आहे. पण लहान मुलांनाही तो होतो. शरीराची रोगाशी लढण्याची यंत्रणा उलटून आपल्याच सांध्यांवर चालून जाते, सांधे सुजतात, सकाळी उठताना पाय लाकडासारखे होतात. ल्यूकला काही महिने चाकांच्या खुर्चीत काढावे लागले. नऊ वर्षांचे पोर, सोबती बर्फावर, आणि हा खुर्चीत. त्यातून तो उठला आणि परत खेळू लागला. त्या काळात त्या घरात काय बोलणे झाले, आईने रात्री कशा काढल्या, ते कोठे लिहिलेले नाही. आईची अशी कामे सहसा लिहिली जात नाहीत.

वयाच्या सोळाव्या वर्षी त्याला घर सोडावे लागले. कॅनडात मोठे होऊ पाहणाऱ्या हॉकीपटूची हीच वाट असते. कनिष्ठ गटातले संघ मुलांना निवडून दूरच्या गावी नेतात, तेथे एखाद्या कुटुंबात त्यांची राहण्या-जेवणाची सोय होते, शाळा आणि खेळ बरोबर चालतात. ल्यूकला क्वेबेक प्रांतातील व्हाल-दोर या सोन्याच्या खाणींच्या गावच्या संघाने घेतले. घरापासून रस्त्याने हजार किलोमीटरहून अधिक अंतर. आपल्या वसतिगृहांतून राहून शिकलेल्यांना त्या पहिल्या रात्रीची कल्पना येईल. तेथे त्याला क्रिस लेतांग हा मित्र मिळाला. तोही बचावपटू, वयाने बरोबरीचा. दोघांची गट्टी जमली ती जमलीच.

२००५ च्या जुलै महिन्यात उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीगची, म्हणजे त्या खेळातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची, नव्या मुलांची निवड झाली. तीस संघ पाळीपाळीने एकेका मुलाचे नाव पुकारतात. त्या वर्षी पहिले नाव सिडनी क्रॉस्बीचे होते, आणि तो पुढे केवढा झाला ते सर्वश्रुत आहे. दहावे नाव ल्यूक बूर्दाँचे. व्हँकूव्हर कनक्स या संघाने ते पुकारले. लेतांगचे नाव बासष्टावे आले, पिट्सबर्गकडून. म्हणजे त्या दिवशी जाणत्यांच्या हिशेबाने ल्यूक आपल्या मित्राच्या बराच पुढे होता.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ल्यूकच्या लगेच मागे, अकराव्या क्रमांकावर निवडला गेला स्लोव्हेनियाचा आंझे कोपितार. त्याने पुढे लॉस एंजेलिसच्या संघाला २०१२ आणि २०१४ मध्ये अजिंक्यपद मिळवून दिले. तेव्हापासून व्हँकूव्हरचे काही हौशी हळहळतात की, दहाव्या क्रमांकाला कोपितारला घेतले असते तर! खेळाच्या गप्पांत असे चालायचेच, हे आम्हाला समजते. पण मेलेल्या मुलाच्या नावापुढे असा जमाखर्च मांडणे आम्हाला शोभत नाही असे वाटते. आम्ही दिवसभर जमाखर्चातच असतो. सुरुवातीलाच बंद झालेल्या खात्यावर पुढचे व्याज लावून दाखविता येत नाही.

आता त्याच्या खेळातला आम्हाला सर्वांत आवडलेला भाग. वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा दरवर्षी नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत होते. कॅनडात तेव्हा घरोघर माणसे दूरदर्शन संचासमोर बसतात. ल्यूक ही स्पर्धा दोनदा खेळला आणि दोन्ही वेळा कॅनडाने सुवर्णपदक मिळविले. पहिल्यांदा २००६ च्या जानेवारीत, तेही व्हँकूव्हर शहरात, ज्या संघाने त्याला निवडले त्याच शहरात. स्पर्धेतील उत्कृष्ट खेळाडूंच्या संघात तेव्हा त्याचे नाव आले. दुसऱ्यांदा २००७ च्या जानेवारीत, स्वीडनमध्ये. या वेळी कॅनडाचा कर्णधार होता क्रिस लेतांग.

स्वीडनमधला उपांत्य सामना अमेरिकेशी होता. अमेरिका एका गोलने पुढे, तिसरे आणि शेवटचे सत्र चालू. कॅनडाचा डाव हातचा जातो की काय, अशी स्थिती. तेव्हा बरोबरीचा गोल कोणी केला? शिपागनच्या बचावपटूने. सामना जादा वेळेतही सुटेना. शेवटी एकेकाने समोरासमोर गोल मारण्याची पाळी आली, आणि त्यात जोनाथन टेव्झ नावाच्या मुलाने एकट्याने तीनदा गोल करून सामना जिंकून दिला. दुसऱ्या दिवशी नाव झाले ते टेव्झचे, आणि ते योग्यच होते. परंतु ल्यूकचा गोल झाला नसता तर टेव्झची पाळी आलीच नसती. आपल्या संस्थेतही असे लोक आहेत. सभेच्या दिवशी हार कोणाच्या गळ्यात पडतो आणि सतरंज्या कोणी घातलेल्या असतात, हे आपण जाणतोच. असो.

अंतिम सामना ५ जानेवारी २००७ रोजी रशियाशी झाला. कॅनडाने तो चार विरुद्ध दोन असा जिंकला. रशियाच्या बाजूला एक सतरा वर्षांचा मुलगा होता, अलेक्सेई चेरेपानोव. सैबेरियाच्या दक्षिणेकडील आल्ताय प्रदेशातला, ओम्स्क शहराच्या अवांगार्द संघातला. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम आघाडीपटू म्हणून त्याला गौरविले गेले. त्याच मोसमात रशियाच्या वरिष्ठ स्पर्धेत त्याने अठरा गोल केले आणि नवोदितांत पाव्हेल बुरे या थोर खेळाडूचा विक्रम मोडला. हे नाव तेवढे ध्यानात ठेवा. त्या संध्याकाळी ल्यूक आणि अलेक्सेई एकाच बर्फावर एकमेकांसमोर धावत होते. एकाच्या गळ्यात सोने पडले, दुसऱ्याच्या गळ्यात चांदी. २००८ साल संपण्याच्या आत दोघेही या जगात नव्हते.

व्हँकूव्हरमध्ये ल्यूकचे बस्तान लगेच बसले नाही. पहिल्या मोसमात नऊ सामने मिळाले आणि त्याला परत कनिष्ठ गटात धाडण्यात आले. दुसऱ्या मोसमात तो कधी व्हँकूव्हरला, तर कधी त्यांच्या दुय्यम संघाकडे, विनिपेग शहरात मॅनिटोबा मूसकडे, असा ये-जा करीत राहिला. व्हँकूव्हरसाठी त्या मोसमात सत्तावीस सामने आणि दोन गोल. दहाव्या क्रमांकाचा खेळाडू अजून असाच, म्हणून काहींनी नाके मुरडली. बचावपटू घडायला वेळ लागतो, हे मघाशी सांगितले ते यासाठीच. एकविसाव्या वर्षी बचावपटूवर शिक्का मारून मोकळे होणे म्हणजे पहिल्या चाचणी परीक्षेवरून वर्षाचा निकाल लावण्यासारखे आहे. बासष्टाव्या क्रमांकाचा लेतांग पुढे पिट्सबर्गचा आधारस्तंभ झाला आणि त्या संघाबरोबर त्याने तीन वेळा अजिंक्यपद मिळविले, २००९, २०१६ आणि २०१७ मध्ये.

मोसम संपला की खेळाडू घरी जातात. २००८ च्या मे महिन्यात ल्यूक शिपागनला आला होता. त्याने मोटारसायकल घेतली होती. सुझुकी कंपनीची हजार सीसीची, शर्यतीच्या धाटणीची गाडी. तुमच्यापैकी काही मुलांचे डोळे आत्ताच चमकले, ते आम्ही येथून पाहिले. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाडीपेक्षा या गाडीच्या यंत्राची ताकद वीसपटीच्या आसपास असते, आणि वजन मात्र दोनपटही नसते. मनगट जरा पिळले की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती शंभराच्या वर जाते. मोटारसायकलचा परवाना त्याला मिळून जेमतेम दोन आठवडे झाले होते.

२९ मे २००८. शिपागनच्या पुलापलीकडे लामेक नावाचे बेट आहे, त्या बाजूचा रस्ता. समुद्रावरचा वारा त्या दिवशी जोरात होता. ल्यूकचा गाडीवरील ताबा सुटला, गाडी रस्त्याची मधली रेषा ओलांडून समोरून येणाऱ्या मोठ्या मालट्रकवर गेली. तो जागीच गेला.

तिकडे पिट्सबर्गचा संघ त्या वेळी स्टॅन्ले चषकाच्या अंतिम मालिकेत डेट्रॉइटशी झुंजत होता. आदल्याच रात्री त्यांनी तिसरा सामना जिंकला होता. लेतांगच्या आयुष्यातली पहिलीच अंतिम मालिका, आणि तिच्या ऐन मध्यावर व्हाल-दोरच्या सोबत्याची ही बातमी.

मित्रांनो, अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: त्याच्या नशिबातच तेवढे होते. मयताच्या घरी बसलेले चार जण हे म्हणतात आणि त्यांचा हेतू वाईट नसतो, घरच्यांना धीर द्यावा एवढाच असतो. पण हे वाक्य आम्हाला कधी पटलेले नाही. सांधेदुखीने खुर्चीला खिळलेला मुलगा उठून उभा राहिला, ते नशिबाने? ते औषधाने, आईच्या कष्टाने आणि त्याच्या स्वतःच्या जिद्दीने झाले. मग २९ मे ला जे झाले, त्यालाही कारणे होतीच. दोन आठवड्यांचा सराव, वीसपट ताकदीची गाडी आणि आडवा वारा. आडव्या वाऱ्यात दुचाकी नकळत बाजूला सरकते. सराव असलेला चालक वेग कमी करतो, वाऱ्याच्या दिशेने गाडीला किंचित झुकवतो. हे ज्ञान बर्फावर कितीही चपळाई कमावली तरी आपोआप येत नाही. आणि येथेच आम्हाला थांबून विचार करावासा वाटतो. ज्या मुलाला बर्फावर वारा कापीत धावण्याची सवय, ज्याच्या शरीराने इतकी वर्षे त्याचा प्रत्येक हुकूम पाळला, त्याला भीती वाटणार कशी? चांगल्या खेळाडूचा गुण तोच येथे त्याच्यावर उलटला. तो बेफिकीर होता, उनाड होता, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो एकवीस वर्षांचा होता.

आमच्या टेबलावरून दुचाकी कर्जाची प्रकरणे जातात, म्हणून आपल्या घरचेही थोडे सांगतो. देशात २०२२ साली रस्त्यांवर सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मेली. त्यांत शेकडा चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हे सरकारचेच आकडे आहेत. आमच्याकडे एक गृहस्थ हप्ता भरायला येत. महिन्याच्या सात तारखेच्या आत, रोख, सुट्या नोटा रबराने बांधलेल्या. गाडी मुलासाठी घेतलेली, कर्ज आणि नोंदणी वडिलांच्या नावावर, कारण मुलगा शिकत होता. चौथ्या हप्त्यानंतर मुलगा गेला. विम्यात गाडीच्या मालकाला चालक म्हणून अपघाताचे संरक्षण असते. पण मालक वडील आणि गाडीवर मुलगा, त्यामुळे ते त्याला लागू झाले नाही. गाडीच्या नुकसानीचा विमा त्यांनी घेतलेला नव्हता, सक्तीचा तेवढाच घेतला होता. उरलेले हप्ते त्या गृहस्थांनी भरले. एकही चुकविला नाही. शेवटचा हप्ता भरला तेव्हा ते आम्हाला म्हणाले, "साहेब, आता ते ना हरकत पत्र द्या, गाडी भंगारात घालतो." पत्र तयार होईपर्यंत ते काउंटरसमोर उभे होते. आम्ही बसा म्हटले, पण बसले नाहीत.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना म्हणून एवढेच विचारतो, की दहावी-बारावीच्या निकालाला गाडीचे बक्षीस कबूल करण्याआधी परवाना, सराव आणि विमा या तीन गोष्टींची चौकशी आपण करतो का? आणि गाडीच्या कागदावर नाव कोणाचे आहे, हे वाचतो का?

आता अलेक्सेईचे राहिले. न्यूयॉर्कच्या संघाने त्याला २००७ मध्ये सतराव्या क्रमांकावर निवडले होते, पण तो रशियातच खेळत राहिला. २००८ मध्ये झेक देशाचा थोर खेळाडू यारोमिर यागर न्यूयॉर्क सोडून ओम्स्कला आला आणि हा एकोणीस वर्षांचा मुलगा त्याच्या जोडीने खेळू लागला. १३ ऑक्टोबर २००८ रोजी मॉस्कोजवळच्या चेखव गावी सामना होता. शेवटच्या सत्रात आपली पाळी खेळून दोघे बाकावर येऊन बसले, आणि अलेक्सेई तेथेच कोसळला. आखाड्यावरची रुग्णवाहिका तोवर निघून गेली होती, तिला परत बोलवावे लागले. हृदयाला विजेचा धक्का देऊन ठोके पूर्ववत करण्याचे यंत्र होते, ते चालले नाही. मुलगा वाचला नाही. तपासणीत निघाले की त्याच्या हृदयाच्या स्नायूला सूज होती. हा विकार बहुधा विषाणूच्या तापानंतर होतो. तो झाला असता महिनोन्महिने दमछाक करणारा खेळ बंद ठेवावा लागतो, नाहीतर ठोके अचानक बिघडतात. पुढे तपास यंत्रणेने असेही जाहीर केले की त्याच्या शरीरात एका बंदी असलेल्या उत्तेजक औषधाचा अंश सापडला. ते त्याला कोणी दिले, का दिले, हा प्रश्न त्या मुलाला विचारण्याचा नाही, त्याच्याभोवतीच्या मोठ्यांना विचारण्याचा आहे. त्या देशातल्या लीगने पुढे वर्षातील सर्वोत्तम नवोदिताच्या पारितोषिकाला त्याचे नाव दिले. पारितोषिक ठीकच आहे. पण हृदय बंद पडल्यावर धक्का देण्यास एक मिनिट उशीर झाला की वाचण्याची शक्यता शेकडा सात ते दहाने घटते, हे डॉक्टरांनी कधीच सांगून ठेवले आहे. तेव्हा आम्हाला पारितोषिकापेक्षा भरलेली बॅटरी मोलाची वाटते. आपल्या मैदानी स्पर्धांना गुलाल आणि ढोलताशे असतात. छाती दाबून श्वास चालू ठेवण्याचे शिक्षण घेतलेला एक तरी माणूस पुढच्या स्पर्धेला असावा, अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. हे शिक्षण काही तासांत होते आणि खर्चही फारसा नाही.

ल्यूकविषयी एक सांगायचे राहिले. व्हँकूव्हरला त्याच्याबरोबर अलेक्स बरोज नावाचा खेळाडू होता. हा क्वेबेकचा, वयाने पाच-सहा वर्षांनी मोठा. बरोजला मोठ्या लीगच्या निवडीत कोणत्याही संघाने पुकारले नव्हते, अगदी शेवटालाही नाही. खालच्या खालच्या संघांतून खेळत खेळत तो वर चढला होता. दहाव्या क्रमांकाचा ल्यूक आणि क्रमांकच नसलेला बरोज यांची छान मैत्री होती. गोल केला की ल्यूक एक नक्कल करी. पाठीवरच्या भात्यातून बाण काढल्यासारखे करायचे, धनुष्य ताणायचे आणि बाण सोडायचा.

९ ऑक्टोबर २००८ रोजी व्हँकूव्हरचा नव्या मोसमातला पहिला सामना घरच्या बर्फावर कॅल्गरीशी झाला. सामन्याआधी ल्यूकला श्रद्धांजली वाहण्यात आली. त्याची आई शिपागनहून एवढ्या लांब, देशाच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, त्यासाठी आली होती. सामना व्हँकूव्हरने सहा विरुद्ध शून्य असा जिंकला. त्यात दोन गोल बरोजचे होते. गोल केल्यावर बरोज बर्फावर थांबला, पाठीवरून बाण काढला, धनुष्य ताणले आणि तो बाण त्याने वर, छताकडे सोडला.

 मुलांना काही विचारायचे असल्यास चहाच्या वेळी आम्ही येथेच आहोत. जयभीम.